पोटऱ्या भरलेल्या, पण उठताना मांड्यांचा आधार

देवगड तालुक्यातील एका वाचक भगिनीने पाठविलेले पत्र, थोडे संक्षिप्त करून:

‘माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तो एकोणिसाव्या महिन्यात चालू लागला. धावताना सारखा पडतो, दोन्ही पायांनी उडी मारता येत नाही आणि अंगणवाडीकडे जाणारी पाखाडी चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतो. पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या आहेत. बोलणेही बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी आहे. सासूबाई म्हणतात, “तेचो बापूससुद्धा उशिरानच चालाक लागलो.” दोन महिन्यांपूर्वी तापात रक्त तपासले, तेव्हा एसजीओटी २४० आणि एसजीपीटी ३१० आले, बिलिरुबिन ०.६ होते. यकृताला सूज आहे असे सांगून औषध दिले. गावातला काविळीचा झाडपालाही दिला. महिन्याने पुन्हा तपासले तर आकडे जवळपास तेवढेच. आता सोनोग्राफी करून मोठ्या शहरात यकृताच्या डॉक्टरांना दाखवावे का? मुलगा आळशी आहे की पायांत काही दोष आहे? आणखी एक, माझ्या एका मामाला लहानपणी पोलिओ झाला होता, तो दहाव्या वर्षी चालेनासा झाला आणि विशीच्या आत वारला. त्याचा याच्याशी संबंध नसावा. धाकट्या बहिणीला दुसरा महिना चालू आहे, म्हणून सहज मनात आले.’

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण शेवटी सहज म्हणून लिहिलेल्या ओळींपासून मी सुरुवात करतो, कारण साऱ्या पत्रात मला त्याच सर्वांत महत्त्वाच्या वाटल्या. पोलिओचा लकवा तापाबरोबर काही दिवसांत अचानक येतो, बहुधा एकाच पायाला किंवा दोन्ही पायांना कमीअधिक प्रमाणात येतो, आणि त्यानंतर पाय बारीक राहिला तरी अशक्तपणा वर्षानुवर्षे वाढत जात नाही. लहानपणी चालणारा मुलगा हळूहळू पायऱ्या चढेनासा होतो, दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याचे चालणे थांबते आणि तो ऐन तारुण्यात जातो, हे वर्णन पोलिओशी जुळत नाही. आपल्याकडे एके काळी पायाचे कोणतेही दुखणे पोलिओच्या नावावर जमा होत असे. मामांना काय झाले होते हे आज कागदोपत्री सिद्ध करता येणार नाही. पण आपल्या मुलाची लक्षणे आणि आईकडच्या नात्यातील हा मृत्यू एकत्र ठेवले, तर स्नायूंच्या एका आनुवंशिक आजाराची शंका घेणे भाग आहे. त्याचे नाव ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. पत्रावरून निदान होत नाही आणि मी ते करीतही नाही. मात्र ही शंका खरी की खोटी, हे ठरविणारी पहिली तपासणी साधी आणि स्वस्त आहे, आणि ती याच आठवड्यात व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे.

ती तपासणी म्हणजे सीपीके, ज्याला हल्ली सीके असेही म्हणतात. क्रिएटिन कायनेज हे विकर स्नायूंच्या पेशींत असते आणि त्या पेशी फुटू लागल्या की ते रक्तात उतरते. सर्वसाधारण मर्यादा प्रयोगशाळेनुसार दोनशेच्या आसपास असते. ड्युशेन असलेल्या या वयाच्या मुलात हा आकडा दहा हजार, वीस हजार किंवा त्याहूनही अधिक आढळतो. तालुक्याच्या ठिकाणच्या बहुतेक प्रयोगशाळा हा नमुना स्वतः तपासतात किंवा बाहेर पाठवितात, आणि खर्च काही शे रुपयांचा असतो. त्याआधीच्या दोनचार दिवसांत मुलाला स्नायूत इंजेक्शन दिलेले नसावे आणि तो ताज्या तापातून उठलेला नसावा, कारण काही विषाणूजन्य तापांत पोटऱ्या दुखून हा आकडा काही काळ वाढतो. तसे असेल तर तीनचार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. मात्र या वयात सीपीके सर्वसाधारण मर्यादेत आले, तर ड्युशेनची शंका तेथेच संपते.

आता यकृताविषयी. एसजीओटी आणि एसजीपीटी या तपासण्या यकृताच्या म्हणून ओळखल्या जातात, परंतु ही दोन्ही विकरे स्नायूंतही असतात, आणि स्नायू झिजत असतील तर यकृत ठणठणीत असूनही दोन्ही आकडे वाढतात. आपल्या मुलाचे बिलिरुबिन ०.६ आहे, म्हणजे त्याला कावीळ नाही; महिनाभर औषध देऊनही आकडे हललेले नाहीत; आणि मूल चालताना पडते आहे. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की पोटाची सोनोग्राफी सुचण्याआधी सीपीके सुचले पाहिजे. त्याच रक्तात गॅमा जीटी ही तपासणीही करून घ्यावी. हे विकर स्नायूंतून येत नाही, म्हणून ते सर्वसाधारण निघाले तर यकृतावरचा संशय बराच दूर होतो. हा घोळ जगभर होतो; काही मुलांच्या यकृताचा तुकडा काढून तपासण्यापर्यंत मजल जाते आणि स्नायूंकडे त्यानंतर लक्ष जाते. यकृताच्या डॉक्टरांकडे जाण्याचा बेत म्हणून तूर्त थांबवावा. झाडपाला मात्र आजच बंद करावा. तो निरुपयोगी आहे एवढेच नव्हे, तर अशा काही वनस्पतींनी यकृताला खरोखरच इजा होते, आणि मग कोणता आकडा कशाचा हे कोणालाच सांगता येत नाही.

‘आळशी’ हा शब्द घरात यापुढे कोणी वापरू नये. साडेचार वर्षांचे निरोगी मूल एकेका पायरीवर एकेक पाय टाकून जिना चढते, दोन्ही पाय उचलून उडी मारते आणि बहुधा एका पायावर लंगडी घालू लागते. चालण्याची उशिराची मर्यादा दीड वर्षाची मानतात. एकोणिसावा महिना त्या मर्यादेच्या जरासा पलीकडे आहे, आणि एवढी एकच गोष्ट असती तर मी काळजी केली नसती. वडील उशिरा चालले हे खरे असेलही, पण ते पुढे पडत राहिले नाहीत. तेव्हा सासूबाईंना हे विचारून पाहा, की बापूस साडेचार वर्षांचा असताना पाखाडी कशी चढायचा.

घरी एक निरीक्षण करावे आणि त्याचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. मुलाला चटईवर उताणे निजवून, जवळ कोणताही आधार न ठेवता, पटकन उठून ये म्हणून सांगावे. निरोगी मूल या वयात हात न टेकता किंवा एखादा हात जमिनीला लावून चटकन उभे राहते. कंबर आणि मांड्यांचे स्नायू अशक्त असतील तर मूल आधी पालथे वळते, हातापायांवर येते, बूड वर उचलते, मग हात गुडघ्यांवर आणि तेथून मांड्यांवर सरकवीत धड वर ढकलते. ब्रिटिश वैद्य विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून याला गॉवर्स खूण म्हणतात. दीडशे वर्षे होत आली तरी याहून सोपी तपासणी कोणी शोधलेली नाही, आणि तिला यंत्र लागत नाही. चित्रण एकदा बाजूने आणि एकदा मागून करावे. खळ्यात धावतानाचे आणि पायऱ्या चढतानाचेही असावे. दवाखान्यात मूल आईच्या कडेवरून उतरायला तयार नसते, त्यामुळे घरचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण डॉक्टरांना वीस प्रश्नांपेक्षा अधिक सांगून जाते.

पोटऱ्यांचे म्हणाल, तर त्यांच्या भरलेपणावर जाऊ नये. या आजारात स्नायूंचे तंतू झिजतात आणि त्यांच्या जागी चरबी व तंतुमय ऊती भरत जाते. त्यामुळे पोटरी मोठी, हाताला टणक लागते, पण तिच्यात जोर नसतो. मूळ दोष डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचा आहे, ज्याचा शोध १९८७ मध्ये लागला. रापणीच्या जाळ्याचा कडेचा दोर कुजला तर प्रत्येक ओढीला जाळे थोडेथोडे फाटते. डिस्ट्रॉफिन नसलेल्या स्नायूचे आवरण प्रत्येक आकुंचनाला तसेच फाटते. हेच प्रथिन मेंदूतही असल्यामुळे यांपैकी काही मुलांचे बोलणे उशिरा येते. तरीही बोलण्याचा संबंध परस्पर इकडे जोडून मोकळे होऊ नये. कानाची तपासणी वेगळी करून घ्यावी, कारण ऐकू कमी येणे हे कारण सापडले तर त्यावर लगेच काही करता येते.

हे सारे दुसऱ्याच कशामुळे असू शकते का? अवश्य. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या मुडदुसातही मूल बदकासारखे डुलत चालते, उन्हाच्या प्रदेशातही तो आढळतो, आणि त्यावर खात्रीचा उपाय आहे. तेथे सीपीके वाढत नाही, मनगटे रुंद होतात, पाय वाकतात. थायरॉइड मंद असेल तर वाढ व बोलणे दोन्ही मागे पडतात, आणि सीपीके थोडेफार चढतेही. जन्मतः निखळलेल्या खुब्यामुळे डुलत चालणे येते. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे येणाऱ्या दोषात, पाय सैल नसून ताठ असतात, मूल चवड्यांवर चालते, आणि बहुधा बाळंतपणातील किंवा तान्हेपणातील काही अडचणीची हकीकत असते. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या मज्जारज्जूतील चेतापेशींच्या आजाराच्या सौम्य प्रकारात गुडघ्याला हातोडी मारली तरी पाय उडत नाही, पसरलेली बोटे बारीक थरथरतात आणि सीपीके फारसे वाढत नाही. म्हणून त्याच वेळी थायरॉइडसाठी टीएसएच, तसेच कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. नुसती कॅल्शियमची बाटली लिहून ‘सहा महिन्यांनी या’ असे कोणी सांगितले, तर सीपीकेचा आग्रह नम्रपणे पण ठामपणे धरावा.

सीपीके हजारोंत आले तर पुढची पायरी जनुकीय तपासणीची असते. सुया टोचून स्नायूंचे विद्युत्संकेत मोजणारी ईएमजी आणि स्नायूचा तुकडा काढण्याची तपासणी यांना आता पहिले स्थान उरलेले नाही. ड्युशेनच्या जनुकात ७९ खंड आहेत. दहापैकी सुमारे सात मुलांत त्यांतील एक किंवा अनेक खंड गळलेले असतात, आणखी काहींत ते दुप्पट झालेले असतात. एमएलपीए नावाच्या तपासणीत हे दोन्ही दिसते. ती कोरी आली तर संपूर्ण जनुकाचे वाचन करावे लागते. रक्ताचा नमुना कोठूनही पाठविता येतो, त्यासाठी मुलाला मुंबईला न्यायची गरज नाही. अहवालाला मात्र काही आठवडे लागतात. त्यात नेमका कोणता खंड गेला हे लिहिलेले असते, आणि तो कागद जन्मभर जपून ठेवावा, कारण काही नवी औषधे ठरावीक खंडांपुरतीच आहेत.

येथे आपल्या बहिणीचा प्रश्न येतो, आणि घाई आहे ती याचसाठी. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आईत तो लपून राहू शकतो, मुलग्यांत प्रकट होतो. आपल्या मुलाचे निदान पक्के झाले आणि मामांचा आजारही तोच होता असे धरले, तर आपल्या आई व आपण दोघीही वाहक ठरता, आणि आपली बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी राहते. ती वाहक निघालीच, तर तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलीला वाहकपण येण्याची शक्यताही निम्मी. तिच्या रक्तातील सीपीके सर्वसाधारण आले म्हणून ती वाहक नाही असे समजू नये, कारण अनेक वाहक स्त्रियांत ते वाढलेले नसते. मुलाच्या अहवालात सापडलेला नेमका दोष तिच्यात शोधणे हीच खात्रीची तपासणी. गर्भाची तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या नमुन्यावरून किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजलावरून करता येते. गर्भलिंग सांगण्यावर कायद्याने बंदी असली, तरी अशा आजाराच्या निदानासाठी नोंदणीकृत केंद्रात ही तपासणी करण्यास तोच कायदा परवानगी देतो. हा सारा हिशेब आपल्या मुलाच्या अहवालावर अवलंबून आहे, म्हणून रक्त आज द्यायचे की आंब्याचा हंगाम उरकल्यावर, असा विचार करू नये. बहिणीला मात्र सीपीकेचा आकडा हाती येईपर्यंत घाबरवून सोडण्यात अर्थ नाही. आकडा वाढलेला आला की त्याच दिवशी कळवावे आणि तिच्या प्रसूतितज्ज्ञांकडे तो अहवाल घेऊन जाण्यास सांगावे.

ओघाने एक कौटुंबिक गोष्ट. हा दोष आईकडून येतो हे कळले की काही घरांत सुनेला बोल लावला जातो. सुमारे एक तृतीयांश मुलांत तर हा दोष नव्यानेच उद्भवलेला असतो, आईत नसतोच. आणि असला तरी तो तिने कमावलेला नसतो. शक्य असेल तर अहवाल समजून घ्यायला यजमानांना आणि सासूबाईंना बरोबर न्यावे, म्हणजे ही गोष्ट डॉक्टरांच्या तोंडूनच त्यांच्या कानी पडेल.

कोठे जावे? पहिल्या तपासण्या तालुक्यातच होतील. त्यानंतर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. २०१३ पासूनच्या या कार्यक्रमात विकासातील विलंब हा तपासणीचा स्वतंत्र भागच आहे, तेव्हा सेविकेकडे मुलाचे नाव आधीच देऊन ठेवावे, कारण पथकाच्या संदर्भचिठ्ठीने पुढचा प्रवास पुष्कळ सोपा होतो. सिंधुदुर्गातील माणसे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात, ते अंतराने जवळ आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखालील उत्कृष्टता केंद्र आहे. निदान पक्के झाल्यावर एकदा तेथे नोंद करून यावे आणि नेहमीचे लक्ष जवळच्या डॉक्टरांकडे ठेवावे, असे मी सुचवीन.

निदान झालेच तर पुढे काय, हे मी थोडक्यातच सांगतो, कारण ते अजून झालेले नाही. आजार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. पण प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लॅझाकॉर्ट ही स्टेरॉइडे योग्य वेळी सुरू केली तर चालणे काही वर्षे अधिक टिकते. ती सुरू करण्यापूर्वी राहिलेल्या लशी पुऱ्या कराव्या लागतात, आणि एकदा सुरू केल्यावर मनाने अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. हृदयही स्नायूच असल्याने निदानाच्या वेळी आणि त्यानंतर दर वर्षी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावी लागते. टाचेमागील शीर आखडू नये म्हणून रोज घोटा ताणण्याचा व्यायाम असतो, तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. भूल देण्याचा प्रसंग आला तर आजाराची कल्पना आधी द्यावी, कारण सक्सिनिलकोलीन हे औषध अशा मुलांना धोक्याचे असते. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो.

पायांत जोर यावा म्हणून मुलाला पाखाडी वरखाली करायला लावू नये, हे मात्र निदानापूर्वीच सांगतो. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि अशक्त स्नायूला त्याच श्रमाने अधिक इजा होते. तेल लावून हलके चोळण्यास हरकत नाही. रगडून चोळू नये. आणि ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालावयाचे असेल तर जरूर घालावे, पण रक्त देऊन झाल्यावर.

एक गोष्ट मात्र आताच कानावर घालतो, कारण आजाराचे नाव फोनवर शोधल्याबरोबर जाहिराती दिसू लागतात. मूळ पेशींची, म्हणजे स्टेम सेलची, इंजेक्शने या आजारावर उपचार म्हणून मान्य झालेली नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांचा वापर केवळ परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नसतात. कोणी लाखांची पावती पुढे केली तर उठून यावे. हापूसची कलमे गहाण टाकून असे उपचार करणारी घरे मला ठाऊक आहेत.

या सदराच्या इतर वाचकांपैकी ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. बाळ सैल पडलेले असेल, हात लावून उचलले की कुशीतून निसटते असे वाटत असेल, चौथ्या महिन्यानंतरही मान धरत नसेल, पण डोळे मात्र तरतरीत असतील आणि जीभ स्थिर असतानाही थरथरत असेल, तर एक आठवडाही न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ही स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफीची लक्षणे असू शकतात; तिच्यावर आता औषधे आहेत आणि ती जितकी लवकर तितकी उपयोगी पडतात. वर्षाच्या आत एकाच हाताने सारे करणे, हाकेला न वळणे, आणि आलेली गोष्ट कोणत्याही वयात विसरणे, हीही वाट पाहण्याची लक्षणे नव्हेत. माता बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात. लशीच्या पानाबरोबर ते पानही वाचावे.

ताई, डॉक्टरांकडे जाताना दोन्ही जुने रक्ताचे अहवाल, आतापर्यंत दिलेल्या औषधांची नावे, मोबाइलवरील चित्रण आणि मामांची हकीकत आईकडून नीट विचारून एका कागदावर लिहून न्यावी: कितव्या वर्षी पडू लागला, कितव्या वर्षी बसून राहिला, ताप येऊन झाले की हळूहळू, आणि आईच्या माहेरी असा आणखी कोणी मुलगा होता का. सीपीकेचा आकडा हाती आला की मला कळवावे. तो सर्वसाधारण असेल तर मुडदूस, थायरॉइड आणि खुबा यांच्याकडे कसे वळायचे ते पुढील पत्रात सविस्तर लिहीन.